दहा फेरे

चाळकेवाडीच्या पठारावर
पवनचक्कीची माणसं, पाने, दोरखंड नेणारी
ती पांढरी कॅम्पर माझी.
म्हणजे कंपनीची,
पण तिला दुखलं की मलाच दुखतं.

दांडा अडकायचा.
फोरमधून टूमध्ये यायला तयारच नाही.
मग मी गाडी चार हात मागं घ्यायचो
आणि बुडाखाली धाडकन आवाज,
तळघरातलं दार कुणी आपटावं तसा.
बजरंग कुंभार, ऐंशी मीटरची शिडी शीळ घालत चढणारा गडी,
त्या आवाजाला मात्र देवाचं नाव घ्यायचा.

कराडचा म्हणाला, चेन सैल.
कोल्हापूरचा म्हणाला, आख्खी ट्रान्सफर केस बदला, साठ हजार,
आणि मोबाईलमधून मान वर केली नाही.
गोडोलीच्यानं टायरला लाथ घातली,
म्हणाला, विका.

वाढे फाट्याला इलाही मेस्त्री.
एक कान कंप्रेसरनं खाल्लेला, दुसरा निम्मा.
तो गाडी दातांनी ऐकतो:
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसच्या अंगावर,
मूठ दाढांमध्ये, डोळे मिटलेले.

चारी चाकं घोड्यांवर उचलली.
आयुब, फिरव.
टू. फोर. न्यूट्रल. लो.
प्रत्येक घराला जबडा जरा थांबायचा
आणि मान नकारात हलायची.

खालचा बोल्ट सोडला.
तेल घमेल्यात उतरलं, जुन्या काकवीच्या रंगाचं.
त्यानं वास घेतला. जळका नव्हता.
बोल्टच्या चुंबकावरची राखाडी पेज
अंगठ्यानं चोळत राहिला, चोळत राहिला.
"ही झीज हाय, मोड न्हाय.
दात पडलं असतं तर हाताला खडं लागलं असतं."

मग बराच वेळ काहीच नाही.
चहा आला, त्यावर साय धरली.
तो बसल्या जागेवरून गाडीच्या पायांकडं बघत होता.

"म्होरली टायरं कवा टाकलीस?"

दिवाळीच्या आधी. दोनच मंजूर झाली होती.
मी तिघांना सांगितलं नव्हतं.
तिघांनी विचारलंही नव्हतं.

आयुबनं खडू आणला.
पुढच्या चाकाला एक रेघ, मागच्या चाकाला एक,
दोन्ही जमिनीला टेकलेल्या.
न्यूट्रलमध्ये आम्ही तिघांनी गाडी ढकलली,
मेस्त्री शेजारून वाकून चालत, मोजत.
दहा.

पुढची रेघ परत जमिनीवर, सहाच्या काट्यासारखी.
मागची पुढं निघून आठावर गेलेली.

"ही म्हंती, धा झालं.
ती म्हंती, धा आन वर थोडं.
दोघीबी खरं बोलत्यात.
मदी ही पेटी बसलीया, तिनं कुणाचं ऐकायचं?"

हात पुसत म्हणाला,
"चिखलात चाक घसरतं, तिथं भांडण मिटतं.
डांबरावर घसरायला जागा न्हाय,
मग सगळा पीळ पेटीत साठतो.
तू घाटातबी चारीत चालवतोस?"

ठोसेघरच्या चढाला धुकं असतं, मी म्हणालो.

"धुक्याला काय चाकं मोजता येत्यात व्हय?"

तेलाचे पैसे घेतले.
खडूचे नाही.

मागची दोन टायरं मंजूर व्हायला अकरा दिवस.
तोवर मी गाडी टूमध्येच ठेवली,
शेवटचा चढ बजरंग पाठीवर अवजारं घेऊन चालला
आणि माझ्याशी त्याबद्दल काही बोलला नाही,
जे बोलण्यापेक्षा वाईट होतं.

आता दांडा दोन बोटांनी येतो.
काल पठारावर पोचून गाडी बंद केली,
समोर दोन पंखे,
एक भराभर, एक पेंगुळलेला,
कुणी कुणाला जोडलेलं नव्हतं.

उतरताना डांबर लागलं तसा मी दांडा ओढला.
काहीच वाजलं नाही.
बजरंगचे ओठ तरीही हलले, सवयीनं,
मग तो खिडकीकडं वळून म्हणाला,
"आलं का टूमध्ये?"